रिकाम्या लॅपटॉपला कुलूप

"लॅपटॉप विकत कशाला घ्यायचा?" हे वाक्य मी रविवारी संध्याकाळी, उकडलेल्या मुळ्याची जाड चकती तोंडात असताना बोललो. ती चकती जरा जास्त गरम असती तर मी गप्प बसलो असतो आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण नेमकी ती कोमट निघाली. (आमच्या स्वयंपाकघरातल्या वस्तू माझ्या विरुद्ध असतात, हे माझं जुनं मत आहे.)

माझी बायको इत्सुको हिने समोर विजेच्या वस्तूंच्या दुकानाची जाहिरात पसरून ठेवली होती आणि त्यातल्या एका लॅपटॉपभोवती लाल पेनाने गोल काढला होता.

"अहो, शनिवारी दहाला परीक्षा आहे," ती म्हणाली. "फोनवर चालणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. कॅमेरावाला कॉम्प्युटरच पाहिजे."

"म्हणून लगेच दुकानात धावायचं? आमच्या ऑफिसात बारा पडलेत. बारा! कपाटात नुसते धूळ खातायत. अर्ज केला की कुणालाही फुकट मिळतो. आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"कुणाकडे?"

"या कुसुमोतोकडे!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो आणि ती जाहिरात घडी करून तिच्यावर मिसोच्या सुपाचं पातेलं ठेवलं.

इत्सुकोने पातेल्याखालून डोकावणाऱ्या त्या लाल गोलाकडे एकदा पाहिलं.

ही परीक्षा कसली ते आधी सांगतो. माझ्या बायकोला जुनी अक्षरं वाचता येतात. दोनशे वर्षांपूर्वी लोक कुंचल्याने पत्रं लिहायचे, ती. आपल्याला ती शाईत बुडवून कागदावर सोडलेल्या गांडुळांसारखी दिसतात. अकरा वर्षं दर बुधवारी ती समाजमंदिरातल्या वर्गाला जाते आहे. माझी आई अंथरुणाला खिळली होती त्या काळात तर ती आईच्या उशाशी बसून हे कागद वाचायची. आई मला हाक मारून सांगायची, "नोबुहिको, तुझ्या बायकोला बघ, गांडुळं वाचत बसलीये." आईला जाऊन तीन वर्षं झाली. आणि या सप्टेंबरात प्रांताच्या दफ्तरखान्याने जाहिरात दिली: जुनी पत्रं वाचण्यासाठी एक जागा, वय पंचावन्नच्या आत. जानेवारीत इत्सुकोला पंचावन्न पूर्ण होतात, म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. घरबसल्या परीक्षा. पडद्यावर जुनं पत्र येणार आणि हिने ते वाचून टंकायचं.

लग्न झाल्यापासून तिने माझ्याकडे स्वतःसाठी असं काही मागितल्याचं मला आठवत नाही. पण या वेळी अर्ज पाकिटात घालताना ती म्हणाली होती, "मला ही जागा हवीय हो." नुसतं एवढंच. 'हवीय' हा शब्द आमच्या घरात आजवर मीच वापरत आलो होतो, त्यामुळे मी जरा दचकलो होतो.

तर सोमवारी मी अर्ज केला.

आमची कंपनी चमचे, डाव, झारे आणि उलथणी बनवते. आमच्या त्सुबामे गावात दर तिसरा माणूस हेच करतो. मी तिथे सामान्य विभागात कारकून आहे. सामान्य विभागाचं काम म्हणजे इतर विभागांना काम करू न देणं, असं कारखान्यातले लोक म्हणतात. त्यांना शिस्तीची किंमत नाही. वापरातून गेलेला एक रिकामा लॅपटॉप घरी न्यायचा, तर सहा जणांचे शिक्के लागतात. ही पद्धत मीच घालून दिली आहे, आणि त्या आठवड्यात मला ती पहिल्यांदाच मूर्खपणाची वाटली.

आमच्याकडे सहीच्या जागी प्रत्येकाच्या नावाचा शिक्का चालतो. अर्जावर पहिला शिक्का अर्जदाराचा. हाताखालच्या माणसाने आपला शिक्का साहेबाच्या शिक्क्याकडे किंचित कलता मारायचा असतो, वाकून नमस्कार केल्यासारखा. बाकीचे लोक जेमतेम कलवतात. मी इतका वाकवतो की माझं नाव जवळजवळ आडवं झोपतं. कुठलाही कागद शंभर कागदांत टाका, माझा शिक्का लांबूनही ओळखू येतो. याबद्दल आमचे हियामासाहेब एकदा म्हणाले होते, "कुसुमोतो, तुमचा शिक्का पाहून मला तुमच्या पाठीची काळजी वाटते." मी ते कौतुक समजलो.

सहावा शिक्का गुरुवारी दुपारी पडला. संध्याकाळी मी लॅपटॉप रेशमी रुमालात बांधून घरी आणला, टेबलावर ठेवला आणि गाठ सोडायला इत्सुकोलाच लावली. तिने गाठ सोडली. लॅपटॉप उघडला. मी बटण दाबलं.

काळा पडदा आला. मधोमध एक छोटं कुलूप, त्याच्या खाली एक रिकामी चौकट, आणि एक ओळ: पासवर्ड टाका.

"हे काय?" इत्सुकोने विचारलं.

"काही नाही. जागा होतोय."

"तो पासवर्ड मागतोय."

"मागू दे. सवय आहे त्याला." मी कंपनीचं नाव टाकलं. नाही. कंपनीचा फोन नंबर टाकला. नाही. मग मी 'पासवर्ड' हाच शब्द टाकला. (हसू नका. हियामासाहेबांचा तोच आहे.) मशीनने शिंक आल्यासारखा एक कर्कश आवाज काढला आणि ते बंद पडलं. पुन्हा चालू केलं की तेच कुलूप. तीनदा चुकलं की पुन्हा ती शिंक.

माझा संताप अनावर झाला. माझं घर, माझं जेवणाचं टेबल, माझं जेवण थंड होतंय, आणि एक रिकामा डबा मला विचारतोय की तू कोण! आत काही असतं तर गोष्ट वेगळी. पण तीन वर्षांपूर्वी नवे लॅपटॉप आले तेव्हा या बाराही मशीनांतली माहिती पुसून टाकली होती. त्यांच्यात एक ओळसुद्धा शिल्लक नव्हती. रिकाम्या घराला एवढं भक्कम कुलूप लावणारा माणूस कोण असेल?

आणि मला लख्ख आठवलं. उत्सुगी! माझ्या आधी त्या कपाटाची किल्ली उत्सुगीकडे होती. नवे लॅपटॉप आले त्याच आठवड्यात तो निवृत्त झाला. जाताजाता कुलपं लावून, पासवर्ड खिशात घालून निघून गेला. असा बेजबाबदार माणूस!

"मग आता?" इत्सुको म्हणाली.

"आता काय! उद्या अर्धी रजा टाकतो. संध्याकाळपर्यंत हे मशीन तुला नमस्कार करेल."

"नाहीतर मी उद्या दुकानात जाऊन..."

"इत्सुको," मी म्हणालो, "तुझा माझ्यावर विश्वास आहे की नाही?"

ती काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं मला दर वेळी होकारासारखं ऐकू येतं. यात माझ्या कानांचा दोष आहे हे मला फार उशिरा कळलं.

शुक्रवारी दुपारी मी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पाऊण तास फोनवरची बासरी ऐकत ताटकळलो. मग एक अतिशय नम्र मुलगी आली. तिने बोलायच्या आधीच दोनदा क्षमा मागितली. मी सगळं सांगितलं.

"मनापासून क्षमा मागते, पण तो पासवर्ड आम्हालाही माहीत नसतो, साहेब."

"तुम्ही बनवता, आणि तुम्हाला माहीत नाही?"

"कुणालाच उघडता येऊ नये, म्हणूनच तर कंपन्या हे मशीन घेतात. कंपनीच्या गोल शिक्क्यासह मालकीचा कागद पाठवलात तर आम्ही आतला मुख्य भाग बदलून देऊ. साधारण तीन आठवडे."

"माझ्याकडे वीस तास आहेत! आणि मी चोर नाही हो, मालक आहे!"

"क्षमा असावी, साहेब. पासवर्ड विसरलेला मालक आणि चोर, मशीनला दोघं सारखेच दिसतात."

इतक्या गोड आवाजात माझा इतका अपमान याआधी कुणी केला नव्हता. मी फोन ठेवला तेव्हा ती अजून क्षमा मागतच होती.

तिथून मी निशिकोरीबाईंच्या दुकानात गेलो. बाई सत्तरीच्या आहेत, भाताचे कुकर, केस वाळवायची यंत्रं, रेडिओ, काय वाट्टेल ते दुरुस्त करतात. त्यांनी लॅपटॉप उलटा केला, खालचा कागद चष्मा वर सरकवून वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"घरगुती असता तर आतली बटणाएवढी बॅटरी काढून ठेवली असती. जेवण होईपर्यंत सगळं विसरला असता. हा ऑफिसचा आहे. हा विसरत नाही."

"असं कसं? वस्तू आहे ती!"

"वस्तूच विसरत नाहीत, कुसुमोतोसान. विसरतात ती माणसं." बाईंनी कुकरचं झाकण उचललं. "कुणी लावलं कुलूप?"

"एका महामूर्ख माणसाने."

"मग त्यालाच जाऊन विचारा. महामूर्ख माणसं पासवर्ड सोपे ठेवतात."

मला हे पटलं. आता उत्सुगीकडे जायचं. पण आमच्याकडे भांडायला जातानासुद्धा हातात मिठाईचा डबा न्यावा लागतो, ही एक पंचाईत आहे. मी स्टेशनाजवळच्या दुकानात गेलो. रागाच्या मानाने सहा वड्यांचा डबा पुरे वाटला. मग आठवलं, की मला पासवर्डही काढून घ्यायचाय. बारा वड्यांचा घेतला. दुकानातून बाहेर पडताना पुन्हा संताप आला, आत गेलो आणि सहाचा बदलून घेतला. दुकानातली मुलगी डबा बांधता बांधता म्हणाली, "आजोबा, नातवाकडे चाललात का?" मला भांडायच्या आधीच थकवा आला.

उत्सुगी घराच्या पडवीत दोरीला सोललेली टेंभुर्णीची फळं वाळायला टांगत होता. मला पाहून त्याचा चेहरा फुलला. "अरे, कुसुमोतोसान! बसा बसा! आमची ही बाजारात गेलीये, चहा मीच करतो, म्हणजे वाईट होईल."

मी बसलो. डबा पुढे केला. "आपल्याला त्रास द्यायला आलो," मी म्हणालो, आणि मग वाक्यागणिक आवाज चढवत गेलो. बारा लॅपटॉप! कुलूप! निवृत्त होताना माणसाने आपल्या जागी येणाऱ्याचा काही विचार करावा की नाही? माझ्या बायकोची उद्या परीक्षा आहे! पंचावन्नाची होणार आहे ती! तिची जागा तुमच्या पासवर्डपायी गेली तर त्याला कोण जबाबदार?

उत्सुगी शांतपणे ऐकत होता. हातात सोललेलं फळ तसंच धरलेलं. मग तो उठला, हात पुसले, आतून एक जाडजूड फाईल घेऊन आला. निवृत्त होताना त्याने मला कामाचा ताबा दिला होता, त्या कागदांची त्याच्याकडची प्रत. चौऱ्याऐंशी पानं. पानापानावर दोन शिक्के: त्याचा सरळ, माझा वाकलेला.

"तुम्ही हे वाचलं होतं ना?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय! शिक्का मारलाय ना?" (शिक्का मारायचा तर वाचायला वेळ कुठून आणायचा? चौऱ्याऐंशी पानं होती. मी अंगठ्याने कोपरे उचलत गेलो आणि दहा मिनिटांत संपवली.)

"पान एकसष्ट बघा."

मी पाहिलं. त्यावर उत्सुगीचं अक्षर नव्हतं. माझं होतं. मी लिहिलं होतं: 'सर्व बारा यंत्रांवरील आधीचे पासवर्ड आज काढून टाकण्यात आले असून नवीन पासवर्ड निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः लावला आहे. तो कागदावर नोंदवण्याचे कारण नाही, कारण निम्नस्वाक्षरीकारास त्याचे विस्मरण होणे अशक्य आहे.' आणि खाली माझा शिक्का, इतका वाकलेला की कागदावर पालथा पडला होता.

मी तो शिक्का नखाने खरवडून पाहिला. दोरीवरची फळं वाऱ्याने हलत होती.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, रिकामी मशीनं आहेत, कुलूप कशाला," उत्सुगी म्हणाला. "तुम्ही म्हणालात, रिकाम्याचाच गैरवापर होतो. मला खोलीबाहेर उभं केलंत. पंचवीस मिनिटं. आतून नुसती टकटक. बाहेर आलात तेव्हा फार खुशीत होता."

"मी काही बोललो का?" मी हळूच विचारलं.

"बोललात ना. 'उत्सुगीसान, संसारी माणूस ही गोष्ट कधी विसरत नाही. आणि मी ती दोनदा टाकलीये, म्हणजे सुरक्षितता दुप्पट.'"

संसारी माणूस कधी विसरत नाही! मी ताडकन उठलो. दुसरं काय असणार? लग्नाचा वाढदिवस! महिना आणि तारीख, दोनदा. आमचं लग्न चोवीस नोव्हेंबरचं. मागच्या नोव्हेंबरात घरात जो प्रकार झाला, त्यानंतर ही तारीख मी झोपेतसुद्धा सांगू शकतो. मी उत्सुगीला इतका वाकून नमस्कार केला की माझा शिक्काही लाजला असता. उत्सुगीने मला वाळवायची दहा फळं दिली. सहा वड्यांच्या बदल्यात दहा फळं. बाराचा डबा न नेल्याची लाज मला स्टेशनापर्यंत पुरली.

घरी येताच मी जाहीर केलं, "काम फत्ते!"

"उत्सुगीसान सापडले? काय म्हणाले?"

"काय म्हणणार बिचारा. वय झालं आता," मी म्हणालो. (हे वाक्य उच्चारताना जीभ झडली नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं.)

"मग उघडा ना आत्ता."

आता इथे शहाण्या माणसाने मशीन उघडून पाहिलं असतं. दुकान आठपर्यंत चालू होतं. पण आदल्या रात्री मी तिच्यासमोर तोंडघशी पडलो होतो, त्याची भरपाई मला थाटात करायची होती. "उद्या," मी म्हणालो. "परीक्षेच्या वेळेला. तू नुसती खुर्चीवर येऊन बस." आणि मी आंघोळीला गेलो. न्हाणीघरात मी गाणंही म्हटलं.

शनिवारी सकाळी नऊला इत्सुकोने राखाडी जाकीट घातलं. ते तिने आईच्या वर्षश्राद्धानंतर पहिल्यांदाच काढलं होतं. केस नीट बसवले होते. चष्मा पुसून टेबलावर ठेवला, शेजारी कोरे कागद, दोन पेन्सिली. मी तिच्या बाजूला उभा राहिलो, बाही मागे सारली आणि टाकलं: ११२४११२४.

नाही.

बोट घसरलं असेल म्हणून पुन्हा टाकलं. नाही. तारीख आधी आणि महिना नंतर टाकला. शिंक. बंद.

"काय झालं?" इत्सुकोने विचारलं.

"काही नाही. थंडी आहे ना, मशीन आखडलंय."

नऊ पंधरा. मी एकदाच टाकून पाहिलं. तीनदा टाकून पाहिलं. सम्राटाच्या कालगणनेचं वर्ष जोडून पाहिलं. इत्सुकोची जन्मतारीख, आईची, माझी. दर तीन प्रयत्नांनी ती शिंक. नऊ पंचवीसला मी मशीनवर ओरडलो, "अरे, मीच लावलंय तुला कुलूप! मला ओळखत नाहीस का, नालायका?"

इत्सुकोने मान वर केली.

"तुम्ही लावलंय?" इत्सुको म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. पान एकसष्ट, पालथा शिक्का, सहा वड्या. सांगताना मला तिच्या राखाडी जाकिटाकडे पाहवेना. तिने मागितलेली ती एकच गोष्ट होती आणि मी तिच्यावर सुपाचं पातेलं ठेवलं होतं. दुकान दहाला उघडणार, परीक्षा दहाला सुरू होणार. जिथे कॉम्प्युटर आहे ते समाजमंदिरही दहाला. या गावात सगळं दहालाच का उघडतं? मला गावाचा राग आला, मशीनचा आला, आणि शेवटी फिरून फिरून तो जिथे यायला हवा होता तिथे आला. "इत्सुको, मी गाढव आहे," मी म्हणालो.

"ते नंतर बोलू," ती म्हणाली. "सरका."

तिने खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा लावला. जुनं पत्र समोर आलं की ती असाच लावते, दोन्ही हातांनी.

"काय ठेवलं होतं असं तुम्हाला वाटतं?"

"लग्नाचा वाढदिवस. दोनदा. दुसरं काही असूच शकत नाही. पण तो चालत नाहीये ना!"

"आणि कधी ठेवलात?"

"तीन वर्षांपूर्वी."

"वर्गातल्या बाई आम्हाला सांगतात," ती म्हणाली, "वाचताना आपलं ज्ञान लिहिणाऱ्याच्या डोक्यात घालायचं नाही. त्या दिवशी त्याला जेवढं ठाऊक होतं, तेवढंच त्याने लिहिलेलं असतं." तिने माझ्याकडे मान वळवली. "अहो, तीन वर्षांपूर्वी तुम्हाला आपलं लग्न कधी झालं असं वाटत होतं?"

मी हळूच खुर्चीमागे सरकलो.

मागच्या नोव्हेंबरातला प्रकार आता सांगावाच लागेल. दर वर्षी चौदा नोव्हेंबरला कंपनीचा स्थापना दिन असतो. त्या दिवशी प्रत्येकाला एक लाल आणि एक पांढरा असे दोन मांजू, म्हणजे आत गोड सारण भरलेले वाफवलेले गोळे, डब्यात घालून मिळतात. मी दर वर्षी तो डबा घरी आणून इत्सुकोपुढे ठेवायचो आणि म्हणायचो, "लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा!" सत्तावीस वर्षं. आधी तिला वाटलं, मी हौसेने दहा दिवस आधीच साजरा करतो. मग वाटलं, मी लाजतो. मागच्या वर्षी शेवटी तिने विचारलं, की अहो, आपलं लग्न कधी झालं? मी म्हणालो, "आजच की!" त्यानंतर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून चोवीस तारीख माझ्या डोक्यात खिळ्याने ठोकल्यासारखी बसली आहे. पण पासवर्ड त्या आधीचा होता.

इत्सुकोने एका बोटाने, सावकाश टाकलं: १११४१११४.

कुलूप गेलं. पडदा उजळला. मशीनने एक छोटीशी सुरेल घंटी वाजवली. माझ्यासाठी त्याने आजवर नुसत्या शिंका दिल्या होत्या.

"उघडलं!" मी ओरडलो. "बघ, म्हटलं होतं ना मी, की हा पासवर्ड मी विसरणं अशक्य आहे?"

"तुम्ही बाहेर जाऊन बसा," इत्सुको म्हणाली.

नऊ अठ्ठेचाळीसला ती परीक्षेच्या पानावर पोचली. मी दोन तास जिन्याच्या पायरीवर बसून उत्सुगीची फळं सोलली. आतून नुसता टंकण्याचा आवाज येत होता, न थांबता. एकदा ती मोठ्याने हसली. मागून कळलं, की त्या पत्रात दोनशे वर्षांपूर्वीचा कुणी तांदळाचा व्यापारी बायकोची माफी मागत होता, कशाबद्दल ते त्याने लिहिलं नव्हतं, पण इत्सुकोला लगेच कळलं.

गुरुवारी निकाल आला. त्रेचाळीस जणांतून तिची निवड झाली. तिने ते पत्र आईच्या फोटोपुढे ठेवलं आणि हात जोडून म्हणाली, "आई, गांडुळं कामाला आली." मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या खोलीत जाऊन नाक शिंकरलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ऑफिसच्या कपाटात अजून अकरा लॅपटॉप होते, आणि माझा घरचा अनुभव हियामासाहेबांच्या कानावर गेला होता. सोमवारीच त्यांनी मला पासवर्ड उघड करण्याचा अर्ज भरायला लावला होता. (अर्जाचा नमुना माझाच.) त्यात सातव्या रकान्यात विचारलं आहे: 'हा पासवर्ड निवडण्यामागील कारण.' आता तिथे मी काय लिहू? की निम्नस्वाक्षरीकार सत्तावीस वर्षं चुकीच्या दिवशी विवाहित होता? हा कागद सहा टेबलांवरून जाणार. मी पेन चावलं आणि लिहिलं: 'कंपनीचा स्थापना दिन.' खोटं त्यात काहीच नव्हतं. शिक्का मात्र त्या दिवशी माझ्याच्याने सरळ पडला, हाताला वाकायची ताकद नव्हती.

अर्ज चढत चढत मोठ्या साहेबांपर्यंत गेला. शुक्रवारी चौदा नोव्हेंबर, स्थापना दिनाची सकाळची सभा, कारखान्यातले आणि ऑफिसातले सगळे मिळून नव्वद लोक. मोठे साहेब माईकसमोर आले, हातात माझा अर्ज.

"आपल्यात एक माणूस असा आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला, "ज्याला काहीतरी कधीही न विसरण्यासारखं हवं होतं, तेव्हा ना त्याला स्वतःचा वाढदिवस आठवला, ना बायकोचा, ना लग्नाचा. त्याला आठवला तो कंपनीचा स्थापना दिन! कुसुमोतो, पुढे या."

मी पुढे गेलो. नव्वद लोकांनी टाळ्या वाजवल्या. हियामासाहेबांनी डोळे टिपले. दर वर्षी एक मिळतो, मला या वर्षी दोन डबे मिळाले, लाल-पांढऱ्या मांजूंचे, वर सोनेरी दोरा बांधलेले. घरी न्यायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. पण स्टेशनावर टाकून देणार तर ओळखीचे लोक, आणि गाडीत चार मांजू एकट्याने खाणं माझ्या वयाला झेपत नाही. शेवटी मी डबे कोटात लपवून घरात शिरलो.

इत्सुको टेबलाशी लॅपटॉपवर काहीतरी वाचत बसली होती. मला पाहून तिने मान वर केली. कोटाच्या फुगवट्याकडे पाहिलं, बाहेर आलेल्या सोनेरी दोऱ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"ठेवा तिथे," ती म्हणाली. मग अगदी गोड हसली. "आणि लग्नाच्या वाढदिवसाच्या तुम्हालाही शुभेच्छा."